निपाणीच्या तारेखालून

निपाणीचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाला प्रथम तंबाखू आठवते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. कोल्हापूरहून महामार्गाने येताना कागल मागे पडते, दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागते, कोगनोळी जाते, यमगर्णीपाशी वेदगंगा आडवी येते, आणि मग वखारींचे हे गाव. वखारीच्या दारावरून गेले तर आजही नाक चुरचुरते. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी ह्याच महामार्गावर ठाण मांडले होते आणि त्या आंदोलनात शेतकऱ्यांचे रक्त सांडले, ही हकीकत आमच्या पिढीच्या वाचकांना सांगावी लागत नाही. बडोदे, इंदूर किंवा बंगळूर येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून निपाणीचा कोणी नातेवाईक असलाच तर तो हेच सांगतो: तंबाखू, विडी, आंदोलन, आणि सीमाप्रश्न.

मी मात्र ह्या वेळी वाचकांना जरा मान वर करून चालायला सांगणार आहे. वखारींच्या पत्र्यांवरून, उसाच्या फडांवरून आणि तवंदीच्या घाटाकडे चढत जाणाऱ्या माळांवरून ज्या विजेच्या तारा गेल्या आहेत, त्यांच्याखालून. ह्याचे कारण वाङ्मयीन नाही. मी एका सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक आहे. दहावीच्या वर्गात वर्षाच्या शेवटी ‘पुढे काय?’ असे विचारले की डॉक्टर आणि इंजिनियर हे शब्द पहिल्या बाकावरून येतात, मागच्या बाकांवरून अलीकडे ठरलेले उत्तर येते, “गुरुजी, लाइनमन.” मागच्या बाकावरची मुले पुष्कळदा अधिक विचार केलेली असतात.

निपाणी हे असे गाव आहे की त्याचे महाविद्यालय दुसऱ्या राज्यात आहे. देवचंद महाविद्यालय सर्वजण निपाणीचेच म्हणतात. परंतु ते उभे आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि त्याचे विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ. आमची मुले सकाळी डबा घेऊन पायी परराज्यात शिकायला जातात आणि दुपारी जेवायला परत येतात. ही सीमा जमिनीवर शोधू गेलात तर सापडणार नाही. बांध तोच, ऊस तोच. पण खांबावर पाहा. इकडचे खांब हुबळी वीज पुरवठा कंपनीचे, ‘हेस्कॉम’चे, तिकडचे महावितरणचे. इकडच्या कवटीच्या पाटीवर कन्नडमध्ये ‘अपाय’ असते, तिकडच्या पाटीवर ‘धोका’. आता ‘अपाय’ हा शब्द आमच्याही कोशातलाच. पण आपण तो शिळ्या अन्नासाठी आणि बदललेल्या पाण्यासाठी राखून ठेवला. अकरा हजार व्होल्टना ‘अपाय’ म्हणणे मराठी कानाला फारच सौम्य वाटते. कन्नड माणसाच्या कानाला ते तसे वाटत नाही, एवढेच.

शब्दांची ही गंमत पुढेही चालू राहते. गावात वीज उतरवून देणाऱ्या रोहित्राला इकडचा शेतकरी ‘टीसी’ म्हणतो, पलीकडचा ‘डीपी’. तार बंद करून कामास दिलेल्या परवानगीला इकडे ‘लाइन क्लिअर’, तोंडी ‘एलसी’, तिकडे ‘परमिट’. खांबावर चढणाऱ्या माणसाला कर्नाटकात सरकारी कागदावर पूर्वी ‘मार्गदाळु’ म्हणत. आळु म्हणजे गडी, मार्गावरचा गडी. आता तो ‘पॉवरमन’ झाला आहे. महाराष्ट्रात तो ‘तंत्रज्ञ’ आणि मधल्या काळात ‘जनमित्र’. लोक मात्र दोन्हीकडे लाइनमन किंवा वायरमनच म्हणतात, आणि वीज गेली की जे म्हणतात ते येथे छापण्यासारखे नसते.

१९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत निपाणी मुंबई राज्यात होती, नंतर म्हैसूर राज्यात गेली. १९५७ मध्ये म्हैसूरने आपले वीज मंडळ काढले, १९६० मध्ये महाराष्ट्राने आपले. आणि इंग्रजी आद्याक्षरे दोघांचीही एकच, एम.एस.ई.बी.! १९७३ साली म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले तेव्हा कुठे हा घोळ मिटला. जुनी माणसे अजून बिलाला ‘बोर्डाचं बिल’ म्हणतात, वास्तविक इकडचे मंडळ १९९९ मध्ये मोडले आणि २००२ मध्ये हेस्कॉम आली. तिकडचे २००५ मध्ये विभागले गेले.

तारेने वीज दूर नेण्याच्या कामात कर्नाटक देशात पहिल्या रांगेत होते, हे आपण मराठी माणसे सहसा विसरतो. कावेरीवरच्या शिवसमुद्रम येथे १९०२ साली वीज तयार झाली ती दिव्यांसाठी नव्हे, तर सुमारे १४७ किलोमीटरवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. एवढ्या लांब वीज नेणाऱ्या तारा त्या वेळी जगात मोजक्याच होत्या. बंगळूर शहराला दिवे लागले ते १९०५ मध्ये, म्हणजे खाणीनंतर. आपल्याकडे टाटांचे खोपोली १९१५ चे. ह्या इतिहासात धरणे बांधणारे, यंत्रे आणणारे आणि भांडवल घालणारे ह्यांची नावे सापडतात. कावेरीपासून कोलारपर्यंत रानातून खांब कोणी उभे केले, तार कोणी ओढली, त्यांना कोणी शिकवले, हे मला कोठे वाचायला मिळाले नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दहावीची मुले घेऊन जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गेलो होतो. अशा संस्थांची योजना १९५० ची आहे. तिचे नाव ‘आयटीआय’ एवढे झाले आहे की पूर्ण नाव घेतले तर मुले गोंधळतात. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. वायरमनचाही दोनच वर्षांचा, पण त्यास आठवी उत्तीर्णही चालतो. संस्थेच्या मागच्या अंगणात सिमेंटचे चार खांब पुरलेले होते आणि त्यांवर तार ओढलेली होती. ती कोठूनही येत नव्हती आणि कोठेही जात नव्हती. तिच्यात वीज कधीच नसते. ती केवळ शिकण्यासाठी.

तेथील निदेशक हाडाचे शिक्षक निघाले. त्यांनी प्रथम मुलांना खांब मोजायला लावला. आठ मीटरचा खांब असेल तर त्याचा सुमारे सहावा हिस्सा जमिनीत जातो. पण हा सहावा हिस्सा माळावर एक आणि आपल्या काळ्या रानात एक. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते; खांब नुसता पुरला तर तीन पावसाळ्यांत कलतो. म्हणून बुडाशी काँक्रीट, आणि वळणावर ताण. निपाणीच्या आसपास शेतात वाकलेले खांब पुष्कळ दिसतात. मुलांना त्या दिवशी प्रथमच कळले की ते वाऱ्याने वाकलेले नसून बहुधा जमिनीने वाकवलेले आहेत.

नंतर तार. विजेची उघडी तार एकसंध नसते. मध्ये पोलादाचा एक धागा आणि भोवती अॅल्युमिनियमचे सहा. वीज अॅल्युमिनियम वाहते, वजन पोलाद पेलते. ह्या तारांना प्राण्यांची नावे आहेत, ही मोठी मौज. बारक्यांपैकी ‘स्क्विरल’ म्हणजे खार, मग ‘वीझल’, मग ‘रॅबिट’, त्याच्यावर ‘डॉग’. मोठ्या मनोऱ्यांवरून जातात त्या ‘पँथर’ आणि ‘झेब्रा’. पोलाद नसलेल्या, निव्वळ अॅल्युमिनियमच्या तारांना किड्यांची नावे. इंग्रजांची ही पद्धत आपण जशीच्या तशी ठेवली. निदेशक म्हणाले, “तुमच्या शेतावरून अकरा हजारांची तार गेली असेल तर ती बहुतेक ससा असेल.” मुले खो-खो हसली, पण त्यानंतर त्या सशाची जाडी त्यांनी कातरमापाने मोजली आणि एकेका धाग्याची ३.३५ मिलिमीटर ही वहीत टिपली. माझ्या चाळीस मिनिटांच्या तासात इतकी शांतता नसते.

तार ताणून का बांधत नाहीत, हा प्रश्न एका मुलाने विचारला. तार उन्हात लांबते, थंडीत आखडते. घट्ट बांधली तर जानेवारीत तुटेल, सैल सोडली तर मे महिन्यात लोंबेल. मधला जो झोळ ठेवायचा त्याचे गणित आहे. दोन खांबांतले अंतर दुप्पट केले तर झोळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि झोळ आमच्या भागात जिवाशी येतो, कारण आमच्याकडे ऊस आहे. रस्ता ओलांडणारी अकरा हजारांची तार जमिनीपासून ६.१ मीटरपेक्षा खाली असता कामा नये, गावठाणातली कमी दाबाची ५.८ मीटरपेक्षा, असा दंडक आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॉलीवर रचलेला ऊस आणि त्यावर बसलेला मजूर ह्यांची उंची कोणी मोजत नाही. वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आपटल्या तर ठिणगीने उभा फड पेटतो, हे आमच्या मुलांना सांगावे लागले नाही. दोघांच्या घरचे फड तसे गेलेले होते.

चढण्याचे शिक्षण मात्र मला वाटले होते त्याहून वेगळे होते. चढणे हा त्यातला लहान भाग. त्याआधी जमिनीवर जे करायचे त्यालाच अधिक वेळ. उपकेंद्रातून एलसी घ्यायची. ज्याने घेतली त्यानेच ती परत द्यायची, दुसऱ्याने नाही, फोनवर ‘झालं काम, सोडा’ असे तर मुळीच नाही. स्विच उघडून कुलूप घालायचे. मग तारेत वीज नाही ना ते तपासायचे. आणि नाही असे दिसले तरी तिन्ही तारा एकमेकींना जोडून, साखळीने जमिनीला बांधायच्या, काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना. त्यानंतर पट्टा, हातमोजे, हेल्मेट, आणि मग पहिले पाऊल. मुलांनी साहजिकच विचारले, वीज बंद केली आहे, तपासली आहे, मग पुन्हा जमिनीला कशाला बांधायची?

ह्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते मी निदेशकांआधी दिले.

माझा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी दहावीनंतर एका ठेकेदाराच्या टोळीत लागला. शिक्षण काही नाही. दोर ओढायचा, खांब उभा करायचा, आणि दोन महिन्यांत वर चढायचे. पावसाळ्यात एका गावाबाहेर अकरा हजारांची तार तुटली. उपकेंद्रातून वीज बंद केली होती, ती खरोखरच बंद होती. पण तुटलेल्या जागेपलीकडचा तुकडा एका टीसीला जोडलेला होता आणि त्या टीसीवरच्या कार्यालयात लग्न होते. दिवे गेले म्हणून मांडववाल्याने जनरेटर लावला. मेन स्विच उघडायचा राहिला. टीसी हे यंत्र दोन्ही दिशांनी चालते. वरून अकरा हजार आले तर खाली घरगुती दाब देते. खालून घरगुती दाब गेला तर वर अकरा हजार चढवते. वीज उलटी चढली आणि माझ्या विद्यार्थ्याच्या हातात आली. तारा जमिनीला बांधलेल्या असत्या तर ती त्याच्यापर्यंत पोचली नसती. तो वाचला. उजव्या हाताची दोन बोटे गेली, दंड भाजला. ठेकेदाराने दवाखान्याचे पहिले बिल भरले. पुढे त्याचा फोन लागेनासा झाला. मुलगा आता भावाच्या किराणा दुकानात बसतो आणि डाव्या हाताने उधारी लिहितो. त्याचे अक्षर शाळेत सुंदर होते.

देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसे दगावतात, असे सरकारी नोंदींवरून दिसते. ह्यांत सगळेच लाइनमन नव्हेत. शेतकरी, बायका, मुलेही आहेत. वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण हवे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे विनियम सांगत होते. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. नियम उणा नाही. ठेकेदाराच्या टोळीपर्यंत तो पोचत नाही.

रीतसर शिरायचे म्हटले तर आमच्या मुलांपुढे दोन दारे आहेत, आणि दोन्हींची उंची वेगळी. कर्नाटकात कनिष्ठ पॉवरमनची निवड दहावीच्या गुणांवर होते. शिवाय शारीरिक परीक्षा. धावणे, दोरीवरच्या उड्या, गोळाफेक इत्यादी. पण अनिवार्य काय, तर आठ मीटरचा खांब चढून दाखवणे. शिक्षण नंतर मिळते. महाराष्ट्रात विद्युत सहायकाला आयटीआय लागते, वर लेखी परीक्षा. पहिली तीन वर्षे ठोक पगार, हे दोन्हीकडे सारखे. सीमाभागातील ८६५ गावांच्या उमेदवारांना महाराष्ट्राने आपल्या नोकऱ्यांसाठी वाट मोकळी ठेवली आहे; तथापि प्रत्येक जाहिरातीतील अटी डोळ्यांत तेल घालून वाचाव्या लागतात, दाखले जमवता जमवता मुदत संपते. मला विचाराल तर महाराष्ट्राची पद्धत शहाणपणाची: आधी शिक, मग चढ. पण गरिबाच्या मुलाला कर्नाटकाचे दार अधिक जवळचे.

त्या दारात कन्नड विचारतात. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल माझे मत आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. मी मराठीचा एम.ए. आहे आणि मराठी शाळा टिकावी म्हणून घरोघर फिरून पट गोळा करतो. तरीही मी माझ्या मुलांना सांगतो, कन्नडचा तास बुडवू नका. खांबावरच्या माणसाला खालून ‘इळी’ म्हणजे ‘उतर’ असे कोणी ओरडले तर त्याला भाषांतर करायला सवड नसते. ह्यावर काही मित्र माझ्यावर रागावतात. रागावोत.

पूर आला की हे सारे भेद कसे गळतात तेही एकदा पाहावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगा यमगर्णीपाशी महामार्गावर चढली; पुण्याची आणि बंगळूरची वाहने दोन्हीकडे खोळंबली. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा आमच्याच भागात लाइनमन होता. मी त्याला विचारले, पुरात तुमचे काम काय? तो म्हणाला, “पहिलं काम वीज घालवायचं, गुरुजी. पानी तारंपतूर येतंय न्हवं का. लोक शिव्या देत्यात, पन घालवायलाच लागतीय.” पाणी उतरल्यावर चिखलातून, काही ठिकाणी होडीतून, तार हातात धरून एकेक खांब तपासत ते गेले. त्याच्या शेवटच्या खांबापासून पलीकडचा महावितरणचा पहिला खांब हाकेच्या अंतरावर होता आणि त्यांची टोळी तेथेच अडकली होती. तिकडच्यांचा दोर वाहून गेला होता. ह्यांनी आपला दिला. “कागूद?” मी विचारले. “कशाचा कागूद, गुरुजी? दोर परत आनून दिला की त्येनी.”

ह्या वर्षी माझ्याकडे असाच एक मुलगा आहे. वडील नाहीत. आई विड्या वळते. मुलगा गणितात बरा, कन्नडमध्ये बऱ्यापैकी, आणि नारळाच्या झाडावर माकडासारखा चढतो. एप्रिलमध्ये आई शाळेत आली, पदर सावरून दारातच उभी राहिली. बसा म्हटले तरी बसली नाही.

“गुरुजी, ठेकेदार रोज पाचशे देतो म्हनतोय. दोन वरसं शिकत बसला तर घरात काय यायचं? तुमीच सांगा.”

मी तिला विनियम सांगितले नाहीत. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या दुकानाचा पत्ता दिला आणि म्हटले, “ताई, उद्या ह्या दुकानातून साखर आणा. पैसे देताना त्याच्या हाताकडे बघा. मग ठरवू.”

ती गेली होती, असे मला त्या दुकानदाराकडूनच कळले. साखरेबरोबर तिने त्याला बरेच काही विचारले, आणि त्यानेही सांगितले. चार दिवसांनी ती पुन्हा आली ती मुलाला घेऊनच. इलेक्ट्रिशियनचा अर्ज आम्ही शाळेच्या संगणकावर भरला. जातीचा, उत्पन्नाचा असे दाखले निपाणीच्या तालुका कचेरीतून काढले, त्यासाठी दोन चकरा पडल्या. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी बसच्या पासाचे पाहतो म्हणून सांगितले आहे. रविवारी तो एका वखारीत हमालीला जाणार आहे. ते मला फारसे पसंत नाही, पण माझ्या पसंतीने त्यांची चूल पेटत नाही.

जाताना आईने एकच विचारले: कार्यशाळेत ते जाड तळाचे बूट लागतात म्हणे, ते सरकार देते की आपण घ्यायचे? मी संस्थेत फोन करून चौकशी केली. आपणच घ्यायचे आहेत. माप आठ.